आगंतुकांचा रकाना

१

घोडा, चमचा, नदी, टोपी, लोणी, खिळा, चंद्र, दोरी, आरसा, बाग.

हे दहा शब्द मी झोपेतसुद्धा म्हणू शकते. दर शब्दाला एक सेकंद, आवाज सपाट, भुवई हलवायची नाही. मग समोरच्या माणसाला वीस मिनिटं भलत्याच कामाला लावायचं: ठोकळे जोडा, घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात वजा करत जा. आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायचं, "मघाशी मी काही शब्द सांगितले होते. आठवतील तेवढे सांगा बरं."

आठवलेल्या शब्दाला एक गुण. मी सांगितलेलाच नाही असा शब्द कुणी मध्ये घुसवला, तर त्याला गुण नाही. तो फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात जातो. त्या रकान्याचं नाव 'आगंतुक'.

विसरण्याचा आजार असलेली माणसं असे शब्द घुसवतातच. त्यात काही विशेष नाही. म्हणून संगणकात आम्ही फक्त संख्या भरायचो. किती आगंतुक, एवढंच. कोणते, हे कुणी विचारत नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेचा सगळा डोलारा सरांच्या एका कल्पनेवर उभा होता. मेंदूत काही पेशी राखणदाराचं काम करतात. कचरा उचलतात, परकं काही दिसलं की धावून जातात. उतारवयात त्या पिसाळतात, मेंदूत कायमचा दाह पेटवून ठेवतात आणि त्यात आठवणी जळतात. "राखणदाराला झोपवा, घर वाचेल," हे वाक्य सर प्रत्येक परिषदेत म्हणायचे आणि टाळ्या घ्यायचे. त्यांनी झोपवणारी गोळी तयार केली होती. आम्ही ती माणसांवर तपासत होतो. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती साखरेची. कुणाला कुठली, ते आम्हालाही ठाऊक नसायचं.

चाचण्या घेणाऱ्या आम्ही दोघी. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला. दुसऱ्या होत्या पेन्सिलबाई. तीस वर्षं याच कामात, निवृत्तीला आठ महिने, आणि पेन्सिलीशिवाय कशानेही लिहायच्या नाहीत. संगणकाला नुसता आकडा हवा असताना आगंतुकांच्या रकान्यात त्या आख्खा शब्द लिहून ठेवायच्या, बारीक, सुबक अक्षरात.

"बाई, कशासाठी ही हमाली?" मी एकदा वैतागून विचारलं होतं.

"अहो, पाहुणा दारात आला की आपण आधी नाव विचारतो ना?" त्या म्हणाल्या. "हे तसंच."

मी कपाळाला हात लावला होता.

२

आई विसरायला लागली तेव्हा मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू? भीती फार नंतर आली.

आई भूगोल शिकवायची. नदी उगमापासून मुखापर्यंत, मध्ये मिळणाऱ्या सगळ्या उपनद्यांसकट, एका श्वासात सांगायची. वडील गेल्यावर तिने मला एकटीने वाढवलं, तेही रडारड न करता. वय अठ्ठावन्न. एका सकाळी ती ओट्यापाशी चिमटा हातात धरून उभी होती. उलटून पालटून बघत म्हणाली, "भिंगरे, हे कशाचं गं?"

लहानपणी मी एका जागी ठरायची नाही, म्हणून भिंगरी. सव्वीस वर्षांची झाले तरी सुटका नाही.

"आई, नाटकं नको करूस. मला उशीर होतोय," मी म्हणाले. दिवसभर मेंदूचा अभ्यास करणारी मी, असं म्हणाले.

तपासण्या झाल्या तेव्हा शंका उरली नाही. रक्तात दाहाचे आकडे चढलेले. दहापैकी तीन शब्द. आई बाहेर येऊन म्हणाली, "नापास झाले वाटतं. पालकांना भेटायला बोलावलंय का?" मी हसले नाही. सरांच्या खोलीत गेले आणि तिला अभ्यासात घ्या म्हणून भांडले. सर टाळत होते. संशोधकाचे नातेवाईक घ्यायचे नसतात.

"चाचणी बाई घेतील. मी खोलीत पाऊलही टाकणार नाही," मी म्हणाले. "तिचे आकडे बघणारही नाही."

सर शेवटी हो म्हणाले. ते मला घाबरायचे थोडेसे.

दर पंधरा दिवसांनी चाचणी, रोज सकाळी एक गोळी. महिन्याभरात आईने मला हाक मारून चिमटा दाखवला. "चिमटा," ती म्हणाली, "हा चिमटा. आणि तू अजून तेवढीच आगाऊ." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. तिची गोळी खरी होती. ते सांगायला रक्ताच्या आकड्यांची गरज नव्हती.

३

सरांना आगंतुकांची संख्या पुन्हा पडताळून हवी होती. शोधनिबंधाचा सगळ्यात ठळक आलेख तोच होता: ज्यांचा दाह उतरतो, त्यांच्यात आगंतुक शब्द हळूहळू शून्यावर येतात. मी कागदी फॉर्मचे गठ्ठे घेऊन मागच्या खोलीत बसले. तिथे नमुने ठेवायचे चार फ्रीझर असतात. त्यांची घरघर इतकी सारखी असते, की थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते.

एकाच माणसाचे सगळे फॉर्म मी तोवर कधी सलग बघितले नव्हते. पहिले होते एका निवृत्त पोस्टमास्तरांचे. बाईंच्या अक्षरात: पहिली भेट, फाटक. दुसरी, पायरी. तिसरी, दार. चौथी, उंबरा. पाचवी, खाट. सहावी, काही नाही. पुढे सगळं कोरं.

म्हातारी माणसं घरात बसून असतात. घरातलेच शब्द सुचणार.

दुसरा गठ्ठा एका शिंपीणबाईंचा. फाटक. पायरी. दार. उंबरा. खाट. कोरं.

तिसरे एक गृहस्थ आठव्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या इमारतीला फाटक नव्हतं, सरळ रस्त्यावरून लिफ्टमध्ये शिरायचं. मी स्वतः त्यांच्याकडे रक्त घ्यायला गेले होते. फाटक. पायरी. दार.

मी दुपारचं जेवले नाही. बाईंनी तपासलेल्या चौतीस माणसांचे फॉर्म जमिनीवर मांडले. ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. सगळ्यांचे शब्द त्याच पाचांतले. कुणी लवकर पुढे सरकलं होतं, कुणी उशिरा. काही जण महिनोन्‌महिने 'दार' पाशीच अडले होते. प्रत्येक भेटीला दार, दार, दार. त्यांच्या रक्तातला दाह वरच होता. ज्यांचा दाह उतरला होता, ते उंबऱ्यावरून खाटेपाशी आले होते आणि गप्प झाले होते.

क्रम एकदाही मोडला नव्हता. दाराआधी उंबरा म्हणणारा एकही माणूस नव्हता.

तेव्हा मला फ्रीझर ऐकू आले. म्हणजे मध्ये ते थांबले असणार, किंवा मी.

आईचा गठ्ठा बघायचा नाही, असं मी कबूल केलं होतं. मी तो उघडला. तीन भेटी झाल्या होत्या. तीन शब्द, पाच शब्द, सात शब्द. गुण चढत होते.

आगंतुक: फाटक. पायरी. दार.

४

"तुम्हाला माहीत होतं?" मी बाईंना जिन्यात गाठलं.

"क्रमाचं? हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तीनदा बोलले. सर म्हणाले, बाई, चाळिशीचा चष्मा बदला." त्या कठड्याला धरून हळूहळू उतरत होत्या. मला त्यांच्या संथपणाचा नेहमी राग यायचा, आणि त्या दिवशी तर फारच. "आणि तुम्ही म्हणालात, हमाली."

मी म्हणाले, "तुम्हीच नकळत सुचवत असाल. वाचताना मान हलवत असाल दाराकडे."

"असेल." त्या थांबल्या. "तुमच्या फॉर्मांवर किती आगंतुक असतात?"

"माझ्याकडे नुसते आकडे आहेत."

"आकडा किती?"

दर भेटीला एक. कधीच दोन नाही. ते त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं.

सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ते एक बरं करतात, पूर्ण ऐकतात. मग म्हणाले, "पाचही शब्द रोजच्या वापरातले. नमुना लहान. लिहिणारी व्यक्ती एकच, तीही थकलेली. तू परीक्षक असतीस तर हा पुरावा मान्य केला असतास?"

"नाही."

"आईचे गुण किती आहेत?"

"सात."

"मग?" ते हसले. "फाटक म्हणू दे की त्यांना. गोळी बंद करायचीय का तुला?"

मी बंद केली नाही. मी शास्त्र शिकले आहे, एका शब्दाला घाबरून औषध थांबवणारी मी नव्हे. असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. आदल्या संध्याकाळी आईने मला सगळ्या उपनद्या म्हणून दाखवल्या होत्या.

५

पोस्टमास्तरांना त्यांची सून घेऊन यायची. ते आत ठोकळे जोडत होते. ती बाहेर बाकावर बसली होती. मी विचारलं, घरी कसं आहे?

"सोन्यासारखे झालेत हो. पूर्वी आरडाओरडा काय, दाराला काठी लावून बसणं काय. आता काही म्हणजे काही त्रास नाही."

"मग छान."

"छानच." तिने पर्सची चेन उघडली, बंद केली. "एक विचारू? हसू नका. ते मला 'अगं' म्हणायचे. पंधरा वर्षं, अगं चहा टाक, अगं चष्मा कुठंय. आता म्हणतात, 'तुम्हाला त्रास नसेल तर थोडं पाणी मिळेल का?' स्वतःच्या खुर्चीवर बसायला परवानगी मागतात. अगदी कडेला बसतात. पाहुण्यांसारखे."

"औषधाने माणूस शांत होतो," मी म्हणाले.

"शांत असतात, ते खरंच." ती पुढे झुकली. "पण मॅडम, पाहुणा कधी ना कधी जातो ना?"

आतून पोस्टमास्तरांचा आवाज आला. घोडा, चमचा, नदी, टोपी. दहाच्या दहा. न अडखळता. दर शब्दाला बरोबर एक सेकंद.

६

आईच्या चौथ्या भेटीला आठ शब्द आले. आणि उंबरा.

पाचव्या भेटीला मी बंद दाराबाहेर उभी राहिले. खोलीत पाऊल टाकणार नाही असं म्हणाले होते, कान लावणार नाही असं म्हणाले नव्हते. सकाळचे अकरा. कॉरिडॉरमध्ये लख्ख ऊन. कुणीतरी फरशी पुसून गेलं होतं, फिनेलचा वास येत होता.

"मघाशी मी काही शब्द सांगितले होते," बाई म्हणाल्या.

"घोडा," आई म्हणाली. "चमचा. नदी." नदी म्हणताना ती हसली असावी. नऊ शब्द झाले. मी बोटांवर मोजत होते.

मग पेन्सिल टेबलावर टेकल्याचा आवाज.

"खाट," आई म्हणाली.

पेन्सिल चालली.

"नीट लिहा हं, बाई," आई अगदी हळू म्हणाली. हा वर्गातला आवाज नव्हता, आणि चेष्टेतलाही. "ठळक लिहा. पुढच्या वेळी मी सांगेन की नाही, कोण जाणे."

"आणखी काही सांगायचंय का तुम्हाला?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न फॉर्मवर नाही.

आई काही बोलली, पण इतकं खाली, की मला ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर बाईंचा चेहरा उतरला होता. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "भिंगरीला सांगू नका, एवढंच म्हणाल्या. काय सांगू नका, ते नाहीच सांगितलं."

सहाव्या भेटीला आईने दहाच्या दहा शब्द सांगितले. आगंतुकांचा रकाना कोरा. सरांनी सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला.

घरी आलो. आईने चपला काढल्या, त्या जोडीने भिंतीला लावून ठेवल्या आणि बैठकीच्या खोलीत मधोमध उभी राहिली.

"बसू का इथे?" तिने विचारलं.

७

त्यानंतरचा रविवार. मी दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. चिमटे कमी पडले म्हणून लगेच खाली आले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं, चार बोटांची फट होती.

आई सगळ्यात वरचा खण उघडून उभी होती. एकेक वस्तू बाहेर काढत होती, डोळ्यांसमोर धरत होती, आणि परत जागेवर ठेवत होती.

"चमचा," ती म्हणाली. "झारा. सुरी. किसणी. चिमटा."

सपाट आवाज. दर शब्दाला एक सेकंद. भुवई हलत नव्हती.

मी स्वतःला म्हणाले, सराव करतेय. शिक्षिका आहे, पुढच्या चाचणीची तयारी करतेय. उलट कौतुक करायला हवं.

खण संपला. तिने उजवा हात वर धरला आणि तो बघितला. "अंगठा," ती म्हणाली. एकेक बोट मिटलं, उघडलं. मग दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा चाचपला, खण चाचपावा तसा, कोपऱ्याकोपऱ्यातून. ओठांच्या कडा बोटांनी वर ओढल्या. सोडल्या. पुन्हा ओढल्या. तिसऱ्यांदा बोटं काढल्यावर हसू तिथेच राहिलं.

तसंच हसू घेऊन ती फटीकडे वळली.

"काही हवंय का तुम्हाला?" तिने विचारलं.

तुम्हाला. मला.

मी म्हणाले, "नाही, काही नाही." आणि मी ते इतक्या अदबीने म्हणाले, की माझंच मला कसंतरी झालं.

८

सोमवारपासून मी तिची गोळी बंद केली. त्याच रंगाची जीवनसत्त्वाची गोळी द्यायला लागले. सरांना सांगितलं नाही. नोकरी जाईल, पदवी जाईल, सगळं ठाऊक होतं. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रजा टाका. एकटीला सोडू नका."

तीन दिवस काही झालं नाही. आई कडेला बसायची, पाणीसुद्धा विचारूनच प्यायची, पेला दोन्ही हातांनी परत द्यायची. चौथ्या दिवशी अंग तापलं. पाचव्या दिवशी मी घरीच तिचं रक्त काढलं आणि बाईंकडून तपासून घेतलं. दाह वर चढला होता, राखणदार जागा झाला होता. ज्या आकड्याला खाली आणायला मी दोन वर्षं घालवली, तो चढलेला बघून मला देव पावल्यासारखं झालं.

सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता ती तिच्या खोलीतून ओरडली, "भिंगरे!"

मी धावले. आई खाटेवर उठून बसली होती. केस विस्कटलेले, घामाने निथळलेली, डोळे लाल. पण ती आई होती. ते कसं सांगू? तिने माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या, एवढं पुरे होतं.

"आई गं..."

"जवळ येऊ नकोस. ऐक. मला फार वेळ नाही."

"ताप आहे तुला. मी डॉक्टरांना फोन लावते. हे उतरेल, मी गोळी बंद केलीय, तू—"

"बडबड बंद!" हा मात्र वर्गातला आवाज होता. "खोलीच्या बाहेर जा. बाहेरून कडी लाव. मी काहीही म्हटलं, कितीही गोड बोलले, तरी उघडू नकोस. बाईंना बोलाव."

"तुला इथे कोंडून ठेवू? वेडी झालीस का?"

"मला नाही गं मेले." ती दातांवर दात दाबून बोलत होती. तिचा डावा हात उजव्याला मनगटाशी घट्ट धरून होता. उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटत होती, उघडत होती. "मी धरलंय. पण तू समोर असलीस की माझा जीव तुझ्यात जातो आणि हात सुटतो. आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस. आज ऐक. एकदा तरी ऐक ना गं."

तापात भ्रम होतो, मला माहीत आहे. दाह एकदम उसळला की माणूस काहीही बोलतो, पानंच्या पानं लिहिली आहेत त्यावर. मी दारापर्यंत गेले. बाहेरची कडी हाताला लागली, गार, थोडी गंजलेली. एक पाऊल टाकायचं होतं.

मागे आई हुंदका देत होती. मला आठवतं तेव्हापासून ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती. चिमटा हातात घेऊन उभी होती तेव्हासुद्धा नाही. ती एकटी त्या खोलीत, आणि दार मी बाहेरून लावायचं. एकदा तिला एकटं सोडून, उशीर होतोय म्हणत मी निघून गेले होते. पुन्हा जमणार नव्हतं.

मी दार लावलं. कडी घातली.

आतून.

"आई, मी आहे इथे," मी दाराकडे तोंड करूनच म्हणाले. "मी कुठे जात नाही. आपण दोघी मिळून धरू."

हुंदका थांबला. एकदम थांबला, मध्येच, नळ बंद करावा तसा. खाट करकरली. पावलं आली नाहीत. अंगावरचं पांघरूण कुणीतरी नीट घडी घालून बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग चादरीवर हात फिरल्याचा. खाटेवर माझ्यासाठी जागा होत होती.

"उभ्या का?" माझ्या पाठीमागून अगदी अगत्याने आवाज आला. "बसा ना."